कारखान्यातले आपटे

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ड्रिल मशीनच्या कारखान्यात त्यांना सगळे आपटे म्हणत, कारण त्यांचं कामच आपटायचं होतं. तयार मालातून एक मशीन उचलायची, खांद्याएवढ्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर सोडायची, उचलून कानाशी धरून चालवून बघायची आणि पुन्हा सोडायची. एकदा तोंडावर, एकदा पाठीवर, एकदा कुशीवर. एवढं सोसून चालली तर माल बाजारात, नाहीतर सगळाच्या सगळा परत. तोडफोडीचा पगार घेणारा गावात मी एकटाच, असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. हाताची ही सवय घरीही सुटत नसे. नवी खुर्ची आली की आधी ते तिच्यावर दाणकन बसून बघायचे. मुलीने लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा बायकोने त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, की जावयाला उचलून बघायचं नाही.

कारखान्याचं नाव झालं होतं ते हिरव्या मशीनमुळे. ती जड होती, बोजड होती, दिसायला थेट बेडकासारखी. पण सुतार आणि प्लंबर तिच्यावर जीव टाकत. ती शिडीवरून पडली तर लोक आधी फरशीला काही झालं का ते बघत. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. एकदा घेतलेली हिरवी मोडेचना, मग दुसरी कोण कशाला घेईल? वरच्या साहेबांनी डोकं लढवलं आणि हिरवी बंद करून टाकली. तिच्या जागी नारिंगी आली. नाजूक, हलकी, एकदम देखणी, आणि पोटातला गिअर प्लॅस्टिकचा.

आपट्यांनी ती पहिल्यांदा सोडली आणि तिची दोन शकलं झाली. दुसरीची तीच गत. त्यांनी माल परत पाठवला, तसे दुपारी त्यांचे साहेब खाली आले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरून बोलणी बसत. त्याने जरा चाचरतच सुचवलं, की जमिनीवर एक रबरी चटई टाकू या.

"चटई टाकली तर परीक्षा चटईची होईल, साहेब," आपटे म्हणाले. "आणि ती पास होईल, त्यात मला शंका नाही."

साहेबांना हसू आलं, पण चटई यायची ती आलीच. पुढे चटईही गेली आणि आपटणंही गेलं. आपट्यांना खोकी बांधायला बसवलं. मग त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. भांडण केलं नाही. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना काचेचं घड्याळ दिलं, आणि ते त्यांच्या हातात जाताना सगळे श्वास रोखून उभे राहिले.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. चौकटी कापण्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन भिंतीला भोक पाडून फ्रेम टांगून देण्यापर्यंत सगळं ती एकटी करायची, आणि भोकं पाडायची ती अर्थात हिरवीने. आपटे घरी बसले आणि थोड्याच दिवसांत त्या हिरवीचा गिअर झिजून गेला. त्यांनी सगळा बाजार पालथा घातला, पण मशीनच बंद, तर सुटे भाग कुठून मिळणार! त्यांचं जेवणावरून मन उडालं. शेवटी बायको म्हणाली की माझी कामं खोळंबली आहेत, आणि दोघं नवी मशीन घ्यायला निघाली.

हत्यारांच्या दुकानातला मालक तरुण आणि बोलका होता. त्याने काउंटरवर मशीनची रांग लावली आणि प्रत्येक मशीन पहाडासारखी मजबूत असल्याचं सांगितलं. आपट्यांनी विचारलं, एक सोडून बघू का?

"बघा की काका," तो हसून म्हणाला, "पण तुटली तर तुमची."

आपट्यांनी एक हलकी निळी मशीन उचलली, खांद्यापाशी नेली आणि सोडली. टोक धरणारा चक एकीकडे गेला, बॉडी दुसरीकडे. दुकानात उभे असलेले सुतार खरेदी सोडून गोळा झाले. आता पुढची सोडा, तुटली तर आम्ही वर्गणी काढतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुसरीचं बटण उडालं. मग आपट्यांना कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक करडी मशीन दिसली. कुठल्या तरी छोट्या कारखान्यातली होती, तिची जाहिरात कुणी कधी पाहिली नव्हती. ती पडली, फरशीचा टवका उडाला, आणि मशीन मात्र गुमान चालली. पुन्हा पडली, पुन्हा चालली. मालकाने फुटलेल्या फरशीकडे बघायचंही सोडून दिलं, कारण तेवढ्या वेळात सुतारांनी दुकानातल्या उरलेल्या सगळ्या करड्या मशीन उचलल्या होत्या.

आपट्यांनी आपली करडी विजयी मुद्रेने बायकोच्या हातात दिली. तिने ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली.

"मला ती निळी घ्या," ती म्हणाली. "फुटली तसलीच दुसरी."

"अगं, तुझ्या डोळ्यांदेखत फुटली ना ती!"

"तुम्ही टाकलीत म्हणून फुटली. मी शिडीवर उभी राहून एका हाताने भोक पाडते. हिरवीने माझं मनगट कायमचं दुखायला लागलं. तुमचा जीव होता तिच्यावर, म्हणून बोलले नाही."

आपट्यांनी करडी एका हाताने डोक्याच्या वर धरून पाहिली. मशीन पडताना कशी वागते हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. धरणाऱ्याच्या हाताचं काय होतं, हे कारखान्यात कुणी कधी तपासलंच नव्हतं. त्यांनी निळी घेतली. घरी आल्यावर तिच्या मुठीला जाड दोरीचा फास लावून दिला, म्हणजे हातातून सुटली तरी मनगटालाच लटकून राहील.

काही दिवसांनी तो दुकानदार पत्ता शोधत घरी आला. लोक आपटलेली मशीनच मागतात, तेव्हा रविवारी सकाळी येऊन बसाल का, असं विचारत होता. आपट्यांनी लगेच पायात चपला घातल्या. तो दिवस मंगळवार होता, याची बायकोने त्यांना आठवण करून दिली.

आता दर रविवारी ती दोघं दुकानात जातात. कंपन्यांचे विक्रेते आपला माल घेऊन येतात. एकदा नारिंगीही आली. तिची बॉडी आता बरीच जाड केली आहे, गिअर मात्र अजून प्लॅस्टिकचाच, आणि आपट्यांनी दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. ते मशीन सोडतात, आणि वाचली तर बायको ती घेऊन शिडीवर चढते, हात वर ताणून धरते आणि मनगट काय म्हणतं ते लोकांना सांगते. हल्ली तिच्या शिडीपाशी जास्त गर्दी असते. आपटे त्याबद्दल कुरकुरतात, आणि तिची शिडी दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत.