काकांच्या हबचा नट

आमच्या काकांचं पहिलं प्रेम काकू नव्हे. दुसरंही नव्हे. पहिलं प्रेम म्हणजे ती हिरवी, दोन सीटची, म्हातारी इंग्लिश स्पोर्ट्स कार, आणि दुसरं प्रेम म्हणजे तिच्याबद्दल बोलणारे स्वतः काका. "हिच्या चाकाला चार-पाच बोल्ट नसतात रे, मधोमध एकच दोन कानांचा नट! राजेशाही थाट!" हे मी लहानपणापासून इतकं ऐकलंय, की झोपेतही म्हणून दाखवीन.

तर ताई, म्हणजे काकांची एकुलती एक लेक, सासरहून बॅग घेऊन परत आली. नवरा हात उचलतो, म्हणाली. काकूच्या डोळ्यांना धार लागली. काकांनी चष्मा पुसला. "भांड्याला भांडं लागायचंच. जुळवून घ्यायला शीक जरा." वर घोषणा केली, "मी स्वतः सोडायला येतो. माझ्या गाडीतून! बघू दे त्यांना, कुणाची मुलगी आहे ती." संताप संताप झाला माझा.

आता गाडीचं पुढचं एक हब, म्हणजे ज्यावर चाक बसवून तो नट आवळतात तो मधला भाग, झिजलेलं. काकांनी परदेशातून जुनं हब मागवलं होतं. विकणाऱ्याने बिचाऱ्याने विचारलं, आटे जाड हवेत की बारीक? काका कसले उत्तर देतात! "हा मला शिकवणार?" हब आलं बारीक आट्यांचं, घरातला नट जाड आट्यांचा. दीड वेढा फिरला आणि अडकला. चूक अर्थातच नटाची. मग बारीक आट्यांचा नट मागवला आणि गाडी एक पाय वर करून जॅकवर बसली. मुलीला बसने पोचवणं काकांच्या इभ्रतीला शोभेना, म्हणून तिचं जाणं लांबलं.

एका रविवारी व्याही आले, सुनेला न्यायला. काकांनी त्यांच्यासाठी गॅरेजमध्येच खुर्ची टाकली. व्याह्यांनी अडकलेला नट पाहिला. "अहो, दोन ठोके घाला! मुकाट बसेल."

काका ताडकन उठले. "ठोके? आटे जुळत नाहीत तिथे जोर लावला, की दोन्हीकडची वाट लागते! आणि वेगात चाक निखळलं तर आतल्या माणसाचा जीव जाईल, कळतंय का?"

ताई दारातच उभी होती. काकूने चहाचा ट्रे थेट बॉनेटवर आपटला.

"हेच मी कधीची सांगतेय! पोरीच्या वेळी कुठे जाते ही अक्कल?"

"पोरीचा इथे काय संबंध? आणि ट्रे उचल आधी, पॉलिश जाईल."

धन्य आहे! वर व्याह्यांना शब्दही दिला, "नट आला की दुसऱ्याच दिवशी आणून सोडतो तिला."

नट आला. दुपारची वेळ, काका घोरत होते, म्हणून पार्सल मी घेतलं. काकूने ते माझ्या हातातून ओढलं, फोडलं, नट हातावर तोलून पाहिला आणि पिठाच्या डब्यात पार तळाशी दडपला.

"काकू, काकांना सापडला तर?"

"स्वयंपाकघरात?" ती हात झटकत म्हणाली. "लग्न झाल्यापासून ह्यांना पाण्याचा ग्लास कुठे असतो ते माहीत नाही."

कुरियरवाले म्हणतात, पोचवलं. काका त्यांच्या नावाने रोज शंख करतात, चोर म्हणतात. ताई बाजूच्या खोलीत बसून ऐकते. बॅग तिने रिकामी करून माळ्यावर टाकलीय.