नसती नस्ती

सव्वीस वर्षं कॉलेजच्या रेकॉर्ड रूमची किल्ली सीमंतिनीच्या पर्समध्ये होती. कुणाची रजा कधीची, कुणाची बढती कुठं अडली, सगळं तिला तोंडपाठ. त्यामुळे आगीत टिकणारं लोखंडी कपाट आलं, तेव्हा त्यात काय ठेवायचं ते आपल्यालाच विचारतील, असं ती धरून चालली होती. प्राचार्यांनी यादी करायला सांगितली गरिमाला.

गरिमाला! आठ महिन्यांपूर्वी लागलेली पोर. तिच्या जागेसाठी सीमंतिनीच्या मुलीनं, यशश्रीनंही मुलाखत दिली होती. यशश्री अजून दर्पण कॉलनीतल्या घरी परीक्षांची पुस्तकं घेऊन बसलेली, धड जेवतही नव्हती. आणि ही रोज हसत यायची. ते हसणंच सीमंतिनीला टोचे.

"ताई, एक बात बताओ ना," गरिमा वही घेऊन आली. "जे जळल्यावर परत बनणार नाही, तेवढंच ठेवायचं आहे. जमिनीचे कागद लिहिले, परीक्षेची रजिस्टरं लिहिली. कर्मचाऱ्यांची व्यक्तिगत नस्ती ठेवू का?"

कॉलेज हिंदी मुलखातलं, कारभार हिंदीत; तिथं फाईलला नस्ती म्हणतात. सीमंतिनीनं मान वर केली नाही. "नसतीच ती," ती फणकारली. "नसती कटकट!"

टोमणा गरिमाला होता. पण दाना ओली मोहल्ल्यातल्या त्या मुलीचं मराठी घरापुरतंच, मोडकंतोडकं. "अच्छा, म्हणजे नको," म्हणत तिनं ती ओळ खोडली, आणि वर "थँक्यू ताई" म्हणून गेली.

सीमंतिनीनं तिला थांबवलं नाही. चारला बैठक. फायली यादीत नाहीत म्हटल्यावर हेडक्लार्क पांडुरंगराव हिला सर्वांदेखत फाडून खातील. खाऊ देत. मुलाखतीत फार हुशारी दाखवली होती ना!

डबा खाताना मात्र तिला आपलीच फाईल आठवली. पगाराची माहिती कम्प्यूटरमध्ये होती; पण नवरा गेल्यावर तिनं आपल्या फंडाचा वारस बदलला होता, तो फक्त फाईलमधल्या एका फॉर्मवर. बळवंत खोडून यशश्री. यादी अशीच मंजूर झाली, तर तो कागद लाकडी मांडणीवरच राहणार.

चारला दहा कमी असताना ती गरिमाच्या टेबलाशी गेली. "खोडलंस ते परत लिही. अख्खी फाईल नको. सेवापुस्तिका आणि वारसाचा फॉर्म, एवढंच. ते दुसऱ्यांदा बनत नाहीत."

"पर आपने तो नसती..."

"आधी मराठी शीक."

बैठकीत गरिमानं ते जसंच्या तसं सांगितलं. "वा! इतका बारीक विचार कुणी केला नव्हता," प्राचार्य म्हणाले.

"सर, ये तो सीमंतिनीताईंनी..." गरिमा उठली, पण तोवर चहा आला होता. पोरीनं श्रेयसुद्धा असं उदारपणे पुढं करावं, याचाच सीमंतिनीला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच कागद निवडत बसली. गरिमाच्या फाईलमधला मुलाखतीचा लिफाफा उघडायचा तिला आजवर धीर झाला नव्हता. आज उघडला. आत गुणांचा तक्ता होता. पहिली गरिमा, एकाहत्तर गुण. दुसरी यशश्री, सत्तर. फक्त एका गुणाचा फरक.

नव्या नियमानं तो तक्ता साध्या मांडणीवर जायला हवा होता. सीमंतिनीनं दार आतून लोटलं, त्याची घडी घातली आणि लोखंडी कपाटात, अगदी वरच्या खणात ठेवली.