टेंभुर्णीच्या अकरा फाईली

आबाराव टेंभुर्णीचा. औरंगाबादला कॉम्प्युटर शिकला आणि शहाण्णव साली नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागला. माणूस कामाचा, पण भारी भिडस्त. साहेबांचा आवाज चढला की ‘हो साहेब’ सोडून याच्या तोंडून शब्द निघेल तर शपथ! सगळा घोळ झाला तो तिथंच.

कंपनीसाठी बियाणं पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कोणाचं बी किती उगवलं, हे प्रयोगशाळेतून फ्लॉपीवर यायचं. एका गावाची एक फ्लॉपी, एका शेतकऱ्याची एक फाईल. आबारावचा प्रोग्रॅम सी भाषेतला. फाईल सापडली नाही की तो अडून बसायचा.

“दर घडीला थांबतंय कशाला हे?” भुजंगसाहेब ओरडले.

झालं! आबारावनं फाईल उघडायच्या ओळीतलं एक अक्षर बदललं. आता फाईल नसली की सी गुपचूप कोरी फाईल बनवायची, कोऱ्या फाईलीची उगवण शून्य धरायची आणि पुढं जायची. फाईली ठेवायचा कप्पा, म्हणजे डिरेक्टरीच नसली तरच काय ती अडायची. साहेब खूश.

खंडेनवमीला ऑफिसातल्या उषाबाईंनी कॉम्प्युटर पुसला, हार घातला, फ्लॉप्या देवापुढं मांडून हळदकुंकू वाहिलं. दसरा झाल्यावर चार दिवसांनी टेंभुर्णीच्या तुळजाबाई कंपनीचा कागद घेऊन आल्या. बाजरीचं बियाणं, उगवण शून्य, बीजोत्पादकांच्या यादीतून नाव बाद.

“मी घरी शंभर दाणे लावले, नव्वद आले,” त्या म्हणाल्या. “हे शून्य कुठून आणलं रे बाबा?”

आबारावनं पाहिलं, तर ड्राइव्हमध्ये दुसऱ्याच गावची, पिंपळगाव रेणुकाईची फ्लॉपी! तिच्यावर टेंभुर्णीच्या अकरा फाईली, अकराही कोऱ्या. त्यानं शोधाशोध केली. टेंभुर्णीची फ्लॉपी देवाच्या फोटोमागं निघाली, कुंकवानं माखलेली. पुसून घातली. तुळजाबाईंची उगवण एक्क्याण्णव.

उषाबाई रडकुंडीला आल्या. त्यांच्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण आबाराव सरळ साहेबांपुढं उभा राहिला.

“चूक माझी, साहेब. फाईल नाही म्हणजे उगवण शून्य, असं मीच करून ठेवलं. आता थांबू द्या त्याला.”

साहेबांचा आवाज चढला. या वेळी आबाराव ‘हो साहेब’ म्हणाला नाही; त्यांच्या देखत त्यानं ते अक्षर पुन्हा पहिल्यासारखं केलं.

बाहेर येऊन त्यानं तुळजाबाईंना विचारलं, “काकू, बाकीचे दहा जण का न्हाई आले?”

“कशाला येतील? मशीन म्हनतं म्हंजी आपलंच बी खोटं, म्हनून गप बसले.”

आबारावनं अकरा नवे कागद छापले आणि काकूंना मागं बसवून मोटरसायकल टेंभुर्णीकडं काढली.