अल्पाकाला भरवलेला नैवेद्य

त्या वर्षी वसुबारस शुक्रवारी आली, म्हणजे अबुधाबीतल्या सुट्टीच्या दिवशी. मी ताईकडे महिनाभर राहायला गेले होते आणि दुकानं पाहून पाहून कंटाळले होते. पूजेला खरं गाय-वासरू हवं, हा हट्ट माझाच. भावोजींच्या ओळखीच्या एका अरबाची अल ऐनजवळ इझबा (शेतवाडी) होती. कणकेत गूळ कालवून मी डबाभर गोळे केले आणि आम्ही भल्या सकाळी निघालो. वाटेत वाळू, वाळूत लावलेली झाडं आणि पुन्हा वाळू.

फाटक दत्तारामने उघडलं. गडी सावंतवाडीकडचा. ताईचं मराठी ऐकून इतका खुलला की गुरं दाखवायच्या आधी त्याने चहाच टाकला. तीन वर्षांनी तो पुढच्या आठवड्यात घरी जाणार होता, हे त्याने दोनदा सांगितलं.

बकऱ्या, मेंढ्या, चार उंट, एक गाय आणि तिचं वासरू. आणि मेंढ्यांच्याच वाड्यात, वर पंखे लावलेल्या मांडवाखाली, तीन अल्पाका! अंगावर मेंढीची लोकर आणि मान उंटाच्या धाकट्या भावंडाची.

"सो क्यूट, मावशी!" भाची किंचाळली.

पूजा संध्याकाळची, पण परमुलखात चालतं म्हणून सकाळीच उरकली. गाईने दोन गोळे खाल्ले आणि तोंड फिरवलं. अल्पाका मात्र कुंपणावरून माना लांबवून उभ्या.

"वैनी, त्येंका फकत गवत," दत्ताराम म्हणाला. "दुसरा काय घालू नकात. अरबाब (मालक) रागावतलो."

"अहो, नैवेद्य आहे. देवाच्या घासाने कुणाला काही होत नाही," मी म्हणाले.

मी डबा घेऊन अल्पाकांकडे गेले. त्यातली तपकिरी मादी भलती अधाशी. बाकीच्या दोघींना ढकलून तिने सगळा डबा संपवला आणि आम्ही तिचे फोटो काढले.

जेवून, जरा लवंडून उठलो तेव्हा ती मादी खाली बसून दात खात होती. पोट टम्म फुगलेलं. दत्ताराम तिला उठवू पाहत होता; ती उठेना. गुरांचा डॉक्टर आला, पाठोपाठ अरबाब. डॉक्टरांनी नळी घातली आणि वाचेल म्हणाले.

मी मोडक्या हिंदीत कबूल केलं, "गलती मेरी है. इसने मना किया था."

"मालेश, मॅडम, मालेश (असू द्या)," अरबाब हसून म्हणाला. "आप मेहमान." आमच्यासाठी गावा (अरबी कॉफी) मागवला. मग दत्तारामकडे वळून म्हणाला, "तुम जानवर देखो. छुट्टी खलास."

मी विनवलं, भावोजींनी विनवलं. अरबाबने आमचे पेले पुन्हा भरले. तो गावा पिताना मला स्वतःची किळस आली.

माझी परतीची वेळ आली तेव्हा दत्तारामने मुलांसाठी घेतलेल्या कपड्यांचं बोचकं माझ्याबरोबर दिलं. त्याच्या विमानाच्या दिवशी मी विमानात होते. देवाचं नाव पुढे केलं की आपल्याला समोरच्याचं ऐकावं लागत नाही, ही सवय मला किती मुरली आहे, याचाच विचार सारा वेळ डोक्यात होता.

मुंबईच्या विमानतळाबाहेर त्याची बायको थांबली होती.

"जनावर दुखण्याक पडला, त्याका कोण काय करतला?" ती म्हणाली. "आता बरा आसा मा ता?"

म्हणजे फोनवर त्याने माझा प्रताप सांगितलाच नव्हता.

"बरं आहे," मी म्हणाले. "पण त्याला नको ते मीच खाऊ घातलं. तुमचे यजमान नको म्हणत असताना."

बोचकं जड होतं. मी हात लावायला गेले, तशी तिने ते माझ्यापासून दूर ओढलं आणि एकटीने डोक्यावर घेतलं.