पार्किंगखालची शाळा

लॉस एंजेलिसमध्ये राहून कासिल्दा ओरोस्कोने पन्नास वर्षं त्या स्टेडियमची पायरी चढली नव्हती. त्याचे दिवे दिसायचे म्हणून तिने त्या बाजूच्या खिडकीपुढे कपाट सरकवलं होतं. नवरा फर्मिन मात्र बेसबॉलवेडा. बिचारा गॅरेजमध्ये बसून बारीक आवाजात रेडिओवर मॅच ऐकायचा.

"आपल्याला हाकललं त्यांच्यासाठी टाळ्या पिटतोस, म्हाताऱ्या? लाज कशी वाटत नाही?"

"अगं, खेळणाऱ्या पोरांनी थोडंच आपलं घर पाडलं?"

"नाही ना! त्यांच्या पायाखाली आहे फक्त!"

खोटं काय होतं त्यात? त्या टेकडीवर आम्हा मेक्सिकन लोकांची वस्ती होती. शेळ्या, लिंबाची झाडं, चर्च, सगळं. साहेब लोक आले, म्हणाले, इथे नवी घरं बांधतो, पहिला हक्क तुमचा. भोळी माणसं उठली. घरं कसली होतायत? झालं स्टेडियम! शाळा पाडायचे तर कष्टसुद्धा कुणी घेतले नाहीत. छप्पर काढलं, वर्गांत माती लोटली, आणि वर गाड्या लावायची सोय केली.

स्टेडियमची पन्नाशी आली तशी ऑफिसातली एक बाई गोड हसत घरी आली. स्मरणिकेसाठी तिला जुना फोटो हवा होता. कासिल्दाने तिसरीच्या वर्गाचा काढून दिला. शाळेच्या पायऱ्यांवर बसलेली चोवीस पोरं, त्यांत फर्मिनही. अट एकच, "खाली शाळेचं नाव छापा."

"नक्की, मॅडम. आणि समारंभात मैदानावर येऊन दोन शब्द बोला."

स्मरणिका आली. फोटोखाली छापलं होतं, 'ओसाड टेकडीवर खेळणारी मुलं'.

"ओसाड? मग आम्ही काय निवडुंग होतो?" कासिल्दाच्या अंगाची लाही लाही झाली. फर्मिनला वाटलं, आता ही जात नाही. पण रविवारी दुपारी ती ठेवणीतले कपडे घालून दारात उभी. त्याच्या डोक्यावर टीमची टोपी बघूनही ती पुढे चालू लागली.

मैदानात माइक हातात आला. तिने आभार मानले नाहीत. स्मरणिका उघडून तो फोटो समोर धरला.

"तिसरीची हजेरी घेते. आमादोर बेसेर्रा!"

आमच्यात मेलेल्याचं नाव पुकारलं की जमलेल्यांनी 'प्रेसेंते' म्हणायचं, म्हणजे हजर. तीच ओरडली, "प्रेसेंते! ओतिलिया सान्तोयो! प्रेसेंते!"

माइक बंद झाला. बंद केला मेल्यांनी! तिने तो गवतावर टाकला आणि खड्या आवाजात पुढचं नाव घेतलं.

"फर्मिन ओरोस्को!"

वर गॅलरीत म्हातारा धडपडत उठला. डोक्यावरची टोपी काढून त्याने खुर्चीवर आपटली.

"प्रेसेंते!"

ऑफिसवाली बाई धावत आली. "मॅडम, वेळ संपली. प्लीज, बाहेर चला."

"सरक बाजूला. अजून एकवीस पोरं राहिलीत," कासिल्दा म्हणाली. "हजेरी झाल्याशिवाय शाळा सुटत नाही."