नऊ पॉइंट आठ सर

"ता. २३ ऑक्टोबर २००७, मंगळवार. पहाटे किंचित गारवा. भाऊजींच्या शाळेत तपासणी. मला पहिल्या रांगेत खुर्ची. समोशासोबत चटणी नव्हती. यंत्र नापास झाले, भाऊजी पास."

पद्मजाबाई खानझोड्यांच्या डायरीत मोठ्या घटनांना एवढीच जागा मिळते. नवरा गेला त्या दिवसालाही त्यांनी चार ओळींपेक्षा जास्त दिल्या नव्हत्या. पण त्यांचे धाकटे दीर श्यामराव हे चार ओळींत मावणारे गृहस्थ नव्हेत.

श्यामराव बूढापारा मोहल्ल्यातल्या एका हिंदी शाळेत फिजिक्स शिकवत. ते राहत त्या मोहल्ल्यात, निम्मा ब्राह्मणपारा त्यांना 'नौ पॉइंट आठ सर' म्हणून ओळखे. वस्तू खाली पडताना तिचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, त्याचा पुस्तकातला आकडा ९.८. मुलांनी तो प्रयोगशाळेत लंबक हलवून, घड्याळ धरून स्वतः काढायचा असतो. इतर शाळांत कुणाचा नऊ यायचा, कुणाचा अकरा. श्यामरावांच्या वर्गात मात्र सगळ्यांचा ९.८. ज्याचा दोरा मध्येच तुटला त्याचाही ९.८, आणि जो त्या दिवशी गोवर निघून घरी पडला होता त्याचाही ९.८. रीत सोपी होती. आधी उत्तर लिहायचे, मग उलटे गणित करून त्याला शोभतील अशी रीडिंग बसवायची. "नवरदेव ठरला म्हणजे वऱ्हाड जमवाले कितीक वेळ लागते?" असे ते मुलांना समजावत.

अशात राजधानीत नव्या राज्याचे नवे वारे सुटले. विज्ञान आता पाठ करायचे नाही, करून पाहायचे, असे वरून ठरले, आणि निवडक शाळांना सेन्सरची एकेक पेटी आली. उजेड मोजणारे एक, आवाज मोजणारे एक, आणि एक लहानशी चौकट, जिच्या एका भोकातून समोरच्या भोकात न दिसणारा किरण जातो. काळे पट्टे ओढलेली पारदर्शक पट्टी तिच्यातून खाली सोडली की किरण तुटतो, जुळतो, आणि श्यामराव ज्याच्यासाठी वऱ्हाड जमवत तो आकडा कॉम्प्युटर आपण होऊन सांगतो.

पेटीसोबत एक पत्रही होते. तपासणीत जो शिक्षक हे उत्तम करून दाखवील, त्याला राज्याचा मास्टर ट्रेनर नेमण्यात येईल. श्यामराव मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. ट्रेनर झाले तर पुढली दोन वर्षे गावोगावच्या मास्तरांना शिकवायचे, न्यायला सरकारी गाडी. नाही झाले तर ओट्यावर बसायचे आणि बायको लता सांगेल ती भाजी आणायची. त्यांच्या गल्लीत गाडी शिरणार नव्हती, सायकलरिक्षा शिरली तरी दोन्हीकडच्या भिंतींचा रंग घेऊन जाई. पण गाडी कोपऱ्यावर उभी राहावी आणि ड्रायव्हरने "खानझोडे सर" म्हणून हाक मारावी, एवढ्यासाठी ते झुरत होते.

पेटीतली माहितीपुस्तिका इंग्रजीत होती. पद्मजाबाई कॉन्व्हेंटच्या, तेव्हा वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे आले. श्यामराव ऐकता ऐकता डुलक्या घेत.

"भाऊजी, इथे लिहिलंय, भोकात काही जाऊ देऊ नका. धूळसुद्धा."

"वहिनी, इंग्रजी तुमचं, फिजिक्स माझं."

"मग एकदा करून तरी बघा."

"नवी वस्तू दसऱ्याआधी वापरते का कोणी? पूजा झाल्याबिगर मी हात नाही लावत."

पेटी आली जुलैत. दसऱ्यापर्यंत ती कपाटात राहिली आणि मुलांनी काचेतून दर्शन घेतले. दसऱ्याला सरांनी सुटीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडवली, नारळ फोडला, आणि हळद-कुंकू पाण्यात कालवून एकेका सेन्सरला टिळा लावला. चौकटीला दोन लावले, नेमके दोन्ही भोकांवर. देवाला कपाळ असते. यंत्राला कपाळ कुठून आणायचे?

दोन दिवसांनी तपासणीचे साहेब आले. हार झाला, स्वागतगीत झाले, पद्मजाबाईंनी लिहून दिलेले इंग्रजी भाषण मुख्याध्यापकांनी तीन ठिकाणी अडखळत वाचले. मग श्यामरावांनी पट्टी सोडली. पडद्यावर काही नाही. पुन्हा सोडली. काही नाही. नव्या शर्टाची पाठ भिजू लागली.

"वोल्टेज लो है, साहब," ते म्हणाले.

बारावीतली मोनाली टेबलाजवळ उभी होती. तिचे वडील बीरगावच्या कारखान्यात होते आणि पेटीच्या पूजेला ती आलेली नव्हती. तिने वाकून चौकटीत पाहिले. "सर, इसमें हल्दी भरी है," म्हणाली, आणि ओढणीच्या टोकाने दोन्ही भोके पुसून काढली.

यंत्र लगेच बोलू लागले. पहिल्या खेपेला ९.६१. दुसऱ्या खेपेला ९.७४. तिसऱ्या खेपेला ९.६६.

"ये क्या है, खानझोडे जी?" साहेबांनी विचारले.

पद्मजाबाईंना वाटले, संपले. भाऊजी आता भाजी आणणार. पण श्यामरावांनी घाम टिपला आणि ते ताठ झाले.

"साहब, एक ही बात पूछो और तीन बार में तीन जवाब दे, उसको मशीन बोलेंगे कि गवाह?" त्यांनी कपाट उघडून मुलांच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "कोई भी निकालिए. किसी भी साल की."

साहेबांनी एक काढली, ९.८. दुसरी, ९.८. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "हमारा भी बीएससी में नौ पॉइंट आठ ही आया था," ते मुख्याध्यापकांना म्हणाले. मुख्याध्यापकांचाही तेवढाच आला होता.

"सर, पट्टी को हवा लगती है, तो थोड़ा फरक..." मोनाली सांगू लागली.

"तू चूप बस, पोट्टी. मोठ्याइच्या मधात काहून बोलून राहिली?"

समोसे संपायच्या आत अहवाल तयार झाला. यंत्र सदोष, सील करून परत पाठवावे. श्री. खानझोडे यांचा अनुभव लक्षात घेता त्यांची मास्टर ट्रेनर म्हणून शिफारस. प्रशिक्षणाचा विषयही साहेबांनीच सुचवला : प्रयोगात अचूक रीडिंग कसे मिळवावे.

साहेबांची गाडी गेल्यावर श्यामरावांनी मोनालीला हाक मारली. आवाज आता मायेचा होता.

"बेटा, तुझ्या वहीत काय लिवलं?"

"तीनों का औसत, नौ पॉइंट छह सात, सर."

"बोर्डाची परीक्षा आहे. बाहेरचा परीक्षक मार्क कापते, मग मले सांगू नको."

"हव सर," मोनाली म्हणाली. तिने तिथेच उभ्याउभ्या खोडरबर काढले, आकडा खोडला आणि सुवाच्य अक्षरात ९.८ लिहिला. ती हुशार मुलगी होती. वरची तिन्ही रीडिंग बदलायला तिला पट्टी पुन्हा सोडण्याची गरज पडली नाही.

घरी लताने नवऱ्याला ओवाळले. पद्मजाबाई चहा संपेपर्यंत थांबल्या.

"भाऊजी, ते यंत्र बरोबर सांगत होतं."

श्यामरावांना खरेच आश्चर्य वाटले. "वहिनी, ज्याले पुस्तकातलं उत्तरही येत नाही, त्याले मी पास कसा करू?"

"गाडी कधी येते?" लताने विचारले.

"सोमवारी. कोपऱ्यावर."

"मग जाताना रिकामं सिलिंडर टाका तिच्यात. एजन्सी रस्त्यातच आहे."

पद्मजाबाई आपल्या खोलीत गेल्या आणि सकाळपासूनच्या ओळींखाली त्यांनी आणखी एक लिहिली : "संध्याकाळी दळण आले. गहू जाड दळला गेला आहे."