पुण्याचा हंगाम माझा

रोह्याला माझ्या मावसभावाच्या दिवाणखान्यात एक फोटो लावला आहे. त्यात तो एका तांबूस घोडीचा लगाम धरून उभा आहे आणि असा हसतो आहे, की जणू धावला तोच. त्या घोडीची निम्मी मालकी माझी. फोटोत निम्मासुद्धा मी नाही.

घोडी घ्यायची कल्पना त्याचीच. धाटावच्या कंपन्यांना तो मजूर पुरवतो, म्हणजे दुसऱ्यांना पळवायचा अनुभव दांडगा. माझा पेणला गणपतीचा कारखाना. नव्या छपरासाठी ठेवलेले पैसे मी शर्यतीच्या घोडीत घातले हे बायकोला कळलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "सवत किती वर्साची हाय?"

"दोन."

"मंग जरा सांभाळून. दात यायचे असतील."

शर्यत जिंकलेल्या घोड्याला मालकाने स्वतः लगाम धरून लोकांसमोर धावपट्टीवरून आत आणायचं, असा रेसकोर्सवरचा रिवाज आहे. सगळा खटाटोप त्या पन्नास पावलांसाठी. लग्नातले फेटे, सत्काराच्या शाली, व्यासपीठावरच्या खुर्च्या यांना मी जन्मभर हसत आलो. पण ती पन्नास पावलं मला हवी होती, आणि एकट्याला हवी होती. दोन मालक दोन बाजूंनी चालू शकतात. पण दुसरी बाजू असावी असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.

म्हणून जानेवारीत पेणच्या एस.टी. स्टँडवर चहा पिता पिता आम्ही वाटणी केली. शर्यती हिवाळ्यात मुंबईला, पावसाळ्यात पुण्याला. जिंकली तर एका हंगामात त्याने आणायची, दुसऱ्यात मी.

"बोल, मुंबई का पुणं?" त्याने विचारलं.

मुंबईत घोडी अजून अल्लड असणार, पुण्यापर्यंत भरात येणार, असा विचार करून मी म्हणालो, "पुण्याचा हंगाम माझा."

तो इतक्या चटकन "व्हय" म्हणाला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पावसाळ्यात मूर्तिकाराला मान वर करायला सवड नसते, हे पेणच्या मांजरांनाही ठाऊक आहे. तीन पिढ्यांचा मी कारखानदार, आणि हावेपायी गणपती विसरलो.

मुंबईत घोडी तीनदा धावली आणि तिन्ही वेळा मागून मोजायला सोपी पडली. मी मधूनमधून तबेल्यात जाऊन तिला गूळ चारायचो. भाऊ गाजरं नेतो हे कळल्यावर मी गूळ वाढवला. त्याने गाजरं वाढवली. शेवटी तिला तयार करणाऱ्या माणसाने दोन्ही बंद केलं.

ती जिंकली ती पुण्याला, गणेशचतुर्थीला आठ दिवस असताना. मी कारखान्यात डोळ्यांची आखणी करत होतो. हे काम आमच्याकडे मालकच करतो, दुसऱ्या हाताला देत नाहीत. फोन वाजला.

"आपली आली रे पयली!" भाऊ ओरडला.

"आत कुणी आणली?"

पलीकडे बँड वाजत होता.

"आता कुनीतरी आनायला पायजे ना? तुझ्या वतीनं धरला लगाम."

"माझ्या वतीनं हसलास पण?"

"नाय, हासलो माझा मी."

मी फोन ठेवला आणि कुंचला उचलला. त्या दुपारच्या सहा मूर्ती डोलवीच्या एका गिऱ्हाइकाला न्यायच्या होत्या. तो मूर्तींसमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "शेट, ह्यो बाप्पा शेजाऱ्याच्या ताटात बघतोय." मी पाहिलं. बरोबर होतं. सहाही जण डोळ्यांच्या कोपऱ्यातून रोह्याच्या दिशेला बघत होते. सगळे डोळे खरवडून पुन्हा आखले.

विसर्जन झाल्यावर पुण्याच्या हंगामाचे थोडे दिवस उरले होते. नवा सदरा शिवून मी एकटाच गेलो. घोडी चौथी आली. चौथीला आत आणायला कोणी मालक जात नाही. तिची निगा राखणारा सईस तिला गुपचूप मागच्या बाजूने घेऊन जातो. तरी मी गेलो. माझा हंगाम होता.

सईस वयस्क माणूस, मनगटात काळा दोरा. मी लगामाला हात घातला तशी घोडीने मान झटकली.

"थांबा, साहेब. दमलीये ती," तो म्हणाला.

मग तिने आपलं घामेजलेलं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं आणि डोळे मिटले. तो तिच्या कानामागे खाजवत राहिला. माझ्या खिशात गूळ होता. तो तिथेच राहिला.

दिवाळीत रोह्याला गेलो, तेव्हा भावाने मला फोटोखालच्याच खुर्चीवर बसवलं. मी उठून फोटो नीट पाहिला. हात घडवण्यात माझा जन्म गेला आहे.

"हा हात कुणाचा?" घोडीच्या गळ्याशी, चौकटीच्या अगदी कडेला, काळ्या दोऱ्याचं मनगट होतं. बाकीचा माणूस फ्रेमवाल्याने कापला होता.

"कुनाचा म्हंजे? माझा."

"तुझे दोन मी मोजले. चार हवे असतील तर पेणला ये, बसवून देतो."

त्याने जवळ येऊन पाहिलं. "सईसाचा असंल. त्याचं काय?"

मी त्याला त्या दिवशीचं सांगितलं. कपाळ, खांदा, मिटलेले डोळे, काही न वगळता.

"माझ्या खांद्यावर तिनं कधी डोकं नाय टेकलं," तो म्हणाला. "गाजरं येवढी खाल्लीन् माझी."

त्याने पुन्हा त्या हाताकडे पाहिलं, डोळ्यांच्या कोपऱ्यातून. ती नजर मला चांगली ओळखीची होती. सहा मूर्तींवरून खरवडून काढली होती मी ती.

मी वहिनीकडे आणखी एक चहा मागितला.